मुंबईतली चिमणी खरंच संपतेय का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिमणी नामशेष होणार आहे का?

नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या (आययूसीएन) लाल यादीत घरचिमणी, म्हणजे 'पॅसर डोमेस्टिकस', सगळ्यांत खालच्या 'किमान चिंता' या वर्गात आहे. २०२१ मध्ये जगातल्या पक्ष्यांचा संख्या-अंदाज बांधला गेला, त्यात रानटी पक्ष्यांमध्ये सर्वांत जास्त संख्या चिमणीचीच निघाली. तो आकडा सुमारे १६० कोटी होता. अंटार्क्टिका सोडला तर सगळ्या खंडांवर ती आहे, काही ठिकाणी माणसानेच नेऊन सोडलेली.

मात्र त्याच यादीत जगभरातल्या संख्येचा कल 'घटता' असाच नोंदलेला आहे. 'किमान चिंता' आणि 'घट' या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात, हे समजून घेतलं की पुढचे अर्धे गोंधळ मिटतात.

संख्या घटतेय तर वर्ग वरचा का देत नाहीत?

कारण वर्ग ठरवायची मापं कडक आहेत. घटीच्या निकषावर एखादी जात 'असुरक्षित' ठरायला, घटीची कारणं अजून चालू असताना, दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत (यातला जो काळ जास्त असेल तो) तिची जगातली संख्या किमान ३० टक्क्यांनी खाली यावी लागते. 'संकटग्रस्त' म्हणायला ५० टक्के, 'अतिसंकटग्रस्त' म्हणायला ८० टक्के. हे सगळं मोजायचं पूर्ण जगासाठी. मुंबईतल्या एका वॉर्डातून चिमण्या शंभर टक्के गेल्या तरी त्या यादीत एक अक्षर बदलत नाही.

म्हणून देशोदेशींच्या वेगळ्या याद्या असतात. ब्रिटनने स्वतःच्या राष्ट्रीय यादीत घरचिमणीला २००२ पासून लाल वर्गात ठेवलं आहे. तोच पक्षी जागतिक यादीत निर्धास्त, ब्रिटनच्या यादीत लाल. दोन्ही याद्या बरोबर आहेत, फक्त विचारलेला प्रश्न वेगळा आहे.

भारतात आणि मुंबईत काय परिस्थिती आहे?

पक्षीनिरीक्षकांच्या लाखो नोंदींवरून तयार झालेला 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल २०२० मध्ये आला. त्यातला निष्कर्ष असा, की देशभराचा विचार करता चिमणीची संख्या गेल्या पंचवीसेक वर्षांत साधारण स्थिर आहे. मात्र बंगळुरू, चेन्नई, दिल्ली, हैदराबाद, कोलकाता आणि मुंबई या सहा महानगरांत ती घटलेली दिसते.

'चिमण्या कुठेच उरल्या नाहीत' हे म्हणूनच खरं नाही, आणि 'गावाला तर भरपूर आहेत' एवढ्यावर मुंबईकरांनी निश्चिंत होणंही बरोबर नाही. मुंबईच्या आतसुद्धा चित्र ठिगळासारखं आहे. कोळीवाडे, जुन्या बैठ्या वस्त्या, धान्याचा व्यापार चालतो ते मशीद बंदर, खाडीपलीकडे नवी मुंबईतला वाशीचा बाजार, रेल्वेच्या फलाटांवरची छपरं इथे चिवचिवाट ऐकू येतो. पलीकडच्या रस्त्यावर काचेचे टॉवर असतील तर तिथे एकही चिमणी नसू शकते.

याचं कारण चिमणीच्या स्वभावात आहे. ती स्थलांतर करत नाही. घरट्याच्या आसपासच्या काहीशे मीटरांत तिचं बहुतेक आयुष्य जातं आणि ती थव्याने राहते. एखाद्या गल्लीतला थवा मोडला की दोन किलोमीटरवरच्या चिमण्या ती जागा लगेच येऊन भरत नाहीत. मोठ्या शहरातून चिमणी जाते ती अशी, गल्ली-गल्लीतून.

घट कशामुळे झाली? एकच कारण सांगा ना.

एकच कारण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तरी सगळ्या कारणांचं वजन सारखं नाही. मुंबईपुरतं बोलायचं तर दोन गोष्टी आम्हाला सगळ्यांत जड वाटतात.

पहिली, घरट्याची जागा. चिमणी झाडावर उघडं घरटं क्वचितच बांधते. तिला भोक, फट, वळचण लागते. चाळींच्या मंगलोरी कौलांखाली, लाकडी आढ्यात, तुळईच्या टोकाशी, फोटोच्या फ्रेममागे, दुकानाच्या शटरच्या पेटीत तिला ती सहज मिळायची. आरसीसीची सपाट भिंत, सरकत्या खिडक्या, काचेचा दर्शनी भाग यांत बोटभर फट नसते. पुनर्विकासात एक चाळ पडते तेव्हा तिच्यातल्या घरट्यांच्या सगळ्या जागा एका दिवसात जातात आणि नव्या इमारतीत त्यांच्याऐवजी काहीच येत नाही.

दुसरी, किडे. मोठी चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना पहिले काही दिवस जवळजवळ फक्त किडेच लागतात: अळ्या, मावा, कोळी, छोटे नाकतोडे. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात झालेल्या अभ्यासात हेच दिसलं, की किडे कमी पडले की पिल्लं घरट्यातच उपाशी मरतात किंवा अशक्त उडतात. सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक, कडेला शोभेची परदेशी झाडं आणि महिन्यातून एकदा फवारणी असेल, तर चिमणीच्या जोडीला तिथे पिल्लं वाढवता येत नाहीत, समोर दाण्यांची परात भरलेली असली तरीही.

तिसरं कारण थोडं हलकं, पण खरं आहे. धान्य उघड्यावरून गेलं. गॅलरीत बसून सुपाने तांदूळ पाखडणं, वाण्याच्या दारातली उघडी पोती, टांग्याच्या घोड्याचा चारा हे सगळं थांबलं आणि पाकीटबंद पीठ आलं.

आणि मोबाइल टॉवर?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. बेल्जियममध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जिथे मोबाइल टॉवरच्या लहरींची तीव्रता जास्त तिथे नर चिमण्या कमी दिसल्या होत्या. भारतातही पर्यावरण मंत्रालयाने २०१० मध्ये पक्षी आणि मधमाश्यांवरच्या परिणामांसाठी तज्ज्ञ समिती नेमली होती. पण दोन गोष्टी एकाच जागी दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली, हे सिद्ध होत नाही. टॉवर दाट असतात तिथेच काँक्रीटही दाट असतं, झुडपं कमी असतात. शिवाय ब्रिटनच्या ग्रामीण भागात घट सुरू झाली ती १९७० च्या दशकाच्या अखेरीला, मोबाइल येण्याआधी.

टॉवरविरुद्ध सह्या गोळा करण्यात जाणारी शक्ती आवारातली फवारणी थांबवण्यात लावा. त्याचा परिणाम पुढच्या विणीतच दिसू शकतो.

चिमण्यांचा संहार करून पस्तावलेला देश म्हणून चीनचं नाव घेतात. ती हीच चिमणी का?

नाही. १९५८ च्या 'चार उपद्रवी' मोहिमेत मारल्या गेल्या त्या मुख्यतः युरेशियन वृक्षचिमण्या. त्या जातीत नर-मादी सारखेच दिसतात, डोकं तपकिरी आणि गालावर काळा ठिपका असतो.

मुंबईत घरचिमणीखेरीज आणखी कोणती चिमणी दिसते?

रानचिमणी, म्हणजे पिवळ्या गळ्याची चिमणी. राखट-तपकिरी, पाठीवर रेघा नसलेली, गळ्यावर फिकट पिवळा डाग. ती झाडांच्या ढोलीत घरटं करते. तीही जागतिक यादीत 'किमान चिंता' वर्गातच आहे. मुंबईशी तिचं नातं जुनं आहे: विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सालिम अली नावाच्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली चिमणी ती हीच. तिची ओळख पटवायला तो बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला आणि तिथे सचिव मिलार्ड यांनी त्याला पक्ष्यांच्या संग्रहाची कपाटं उघडून दाखवली.

नोंद करताना मुनिया, सुगरण, शिंपी, शिंजीर यांना 'चिमणी' म्हणून मोजू नका. घरचिमणीच्या नराचं डोकं राखाडी, डोळ्यामागून मानेकडे तांबूस-तपकिरी पट्टा आणि गळ्याखाली काळा डाग असतो. मादी फिकट तपकिरी, डोळ्यामागे पिवळसर भुवई.

बाजारात 'जावा चिमणी' विकतात. ती पाळली तर चालते का?

जावा चिमणी खरी चिमणी नाही, ती मुनियांच्या कुळातली. आणि स्थितीचा प्रश्न विचाराल तर खरी काळजी तिची आहे. मूळच्या इंडोनेशियातल्या जावा-बाली भागात पिंजऱ्यांसाठी ती इतकी पकडली गेली, की लाल यादीत ती आज 'संकटग्रस्त' आहे. पिंजऱ्यात लाखो आणि रानात मोजक्या, असं तिचं झालं आहे. आमचं मत स्पष्ट आहे: विकत घेऊ नका.

आपली घरचिमणी, मुनिया किंवा पोपट पकडणं आणि पिंजऱ्यात ठेवणं तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हाच आहे.

घरटं-पेटी नेमक्या कोणत्या मापाची हवी?

ही मापं सुताराला जशीच्या तशी द्या:

तळ आतून १५ × १५ सेंमी. उंची पुढून २० आणि मागून २५ सेंमी, म्हणजे छपराला पुढे उतार येतो. छप्पर पुढे किमान ५ सेंमी बाहेर. लाकूड किंवा वॉटरप्रूफ प्लाय १२ ते १५ मिमी जाडीचं. भोक गोल, ३२ मिमी व्यासाचं, तळापासून साधारण १२ सेंमी वर. तळाच्या चारही कोपऱ्यांत ५-६ मिमीचं एकेक छिद्र, पाणी निघून जायला. छपराखाली दोन्ही बाजूंना तशीच दोन छिद्रं, हवेसाठी. छप्पर बिजागरीवर, म्हणजे साफ करता येईल. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, कारण खाऱ्या हवेत साधे स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजून पेटी खाली येते.

सगळ्यांत महत्त्वाचं माप भोकाचं. ३२ मिमीमधून चिमणी जाते, साळुंकी जात नाही. भोक ४५-५० मिमीचं केलंत की दयाळ किंवा साळुंकी पेटी बळकावते. दुकानांत मिळणाऱ्या बऱ्याच शोभेच्या पेट्या इथेच फसतात. भोकाखाली बसायला दांडी लावू नका. चिमणीला ती लागत नाही, कावळ्याला मात्र आयती बैठक मिळते. आतून रंग किंवा वॉर्निश नको, आणि भोकाखालची आतली बाजू खरखरीत ठेवा, पिल्लांना चढून वर यायचं असतं.

बुटांचा खोका पहिल्या पावसात विरघळतो. पत्रा आणि पातळ प्लास्टिक एप्रिल-मेमध्ये आत भट्टी करतात.

पेटी कुठे आणि कधी लावायची?

जमिनीपासून किंवा गॅलरीच्या फरशीपासून अडीच ते चार मीटर उंचीवर, छज्जाखाली. तोंड उत्तरेला किंवा पूर्वेला. पश्चिमेचं दुपारचं ऊन आणि नैऋत्येचा पाऊस दोन्ही टाळायचे. मांजर पोहोचेल असं ग्रिल किंवा पाइप शेजारी नको, पंखा असलेली खोली तर मुळीच नको.

एकच पेटी लावण्यापेक्षा दोन-तीन लावा, एकमेकींपासून साधारण अर्धा ते एक मीटर अंतरावर. चिमण्यांना शेजार लागतो. मुंबईत वीण जवळजवळ वर्षभर तुरळक चालते, पण उन्हाळ्याआधी तिला जोर येतो. म्हणून ऑक्टोबर ते जानेवारी हा पेटी लावायचा चांगला काळ. जोडी आली की साधारण वेळापत्रक असं: तीन ते पाच अंडी, ११ ते १४ दिवस उबवणं, त्यानंतर सुमारे १५ दिवसांनी पिल्लं बाहेर.

वर्ष झालं, पेटीत कोणी आलंच नाही. चुकलं काय?

आधी हे पाहा: आजूबाजूच्या दोन-तीनशे मीटरांत चिमण्या आहेत का? नसतील तर पेटीत दोष नाही, तिथे येणारंच कोणी नाही. अशा जागी पेट्या वाढवण्यापेक्षा जिथे थवा अजून टिकून आहे, त्याच्या कडेच्या इमारतींत त्या लावणं जास्त उपयोगाचं. थवा असाच, कडेकडेने पसरतो.

चिमण्या आहेत पण पेटीत येत नाहीत, तर बहुतेकदा पेटी उन्हात असते, हलत असते (तारेने टांगलेली पेटी हलते, भिंतीवर घट्ट बसवा), किंवा कोणीतरी रोज आत डोकावत असतं. पेटीत दाणे ठेवू नका. दाण्यांनी मुंग्या आणि उंदीर येतात.

दाणे काय आणि किती द्यावेत? कबुतरं सगळं खाऊन जातात.

बाजरी, राळे, तांदळाची कणी. दहा-बारा चिमण्यांच्या थव्याला दिवसाला ३०-४० ग्रॅम पुरे, म्हणजे लहान मूठभर. संध्याकाळी उरलेलं दिसलं तर दुसऱ्या दिवशी कमी द्या. फरसाण, शेव, पाव, बिस्किटं, मीठ घातलेला भात नको.

उघड्या परातीत दाणे टाकणं म्हणजे कबुतरांना आमंत्रण. मुंबईत कबुतरांच्या विष्ठेमुळे होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजारांचा प्रश्न गंभीर आहे. २०२५ मध्ये कबुतरखाने बंद करण्याची कारवाई झाली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. चिमणीच्या नावाने गॅलरीत नवा कबुतरखाना उभा राहू नये. उपाय सोपा आहे: दाण्याच्या छोट्या डब्याभोवती ४ सेंमी चौकोनांच्या वेल्डेड जाळीचा पिंजरा करा, डबा जाळीपासून १५ सेंमी आत. चिमणी आत शिरते, कबुतराचं डोकं गेलं तरी चोच दाण्यापर्यंत पोहोचत नाही.

पाण्याचं भांडं पसरट, पाणी दोन-तीन सेंमी, मध्ये एक दगड. रोज बदला आणि आठवड्यातून किमान दोनदा काथ्याने घासा. एडिस डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. पाणी नुसतं ओतून दिल्याने ती जात नाहीत.

कबुतरांसाठी जाळी लावली की चिमण्याही अडकतात?

जाळीच्या चौकोनावर अवलंबून आहे. कबुतर अडवायला ५० मिमीचा चौकोन पुरतो आणि त्यातून चिमणी आरामात ये-जा करते. १९-२० मिमीची जाळी मात्र चिमणीलाही बंद करते. जाळीवाल्याला माप विचारूनच काम द्या. जाळी ताणून बसवलेली हवी. सैल जाळीत पाय गुंततो आणि पक्षी लटकून मरतो. बसवण्याआधी एसीच्या मागे, पाइपच्या भोकात चालू घरटं नाही ना, ते दिवसभर नजर ठेवून पाहा. आत पिल्लं राहून आई-बाप बाहेर अडकले, असं वरचेवर होतं.

सोसायटीने करण्यासारखं सर्वांत उपयोगी काम कोणतं?

झुडपं. पेटीपेक्षाही आधी. मेंदी, करवंद, बोर, अडुळसा यांचं दीड-दोन मीटर उंचीचं दाट कुंपण, त्यावर मधुमालतीचा वेल. थवा दुपारी आणि रात्री अशाच दाटीत बसतो आणि पिल्लांसाठी किडेही तिथेच मिळतात. कुंपण वर्षातून एकदाच, पावसाळा संपल्यावर छाटा, तेही अर्धं-अर्धं. एका कोपऱ्यात दोन-तीन मीटर जागेवर गवत वाढून बी धरू द्या आणि थोडी कोरडी माती उघडी ठेवा. चिमण्या धुळीत आंघोळ करतात, पिसांतल्या उवा त्याने कमी होतात.

फवारणीच्या कंत्राटात 'बागेत नाही' एवढी एक ओळ घालून घ्या. डासांसाठी साचलेलं पाणी काढणं हे बागेवर धूर मारण्यापेक्षा जास्त परिणामकारक आहे. झाडांची छाटणी करायची तर महाराष्ट्रात १९७५ च्या वृक्ष जतन कायद्यानुसार परवानगी लागतेच. ती घेताना घरट्यांची पाहणीही करून घ्या.

पुनर्विकास होणार असेल तर आर्किटेक्टशी नकाशाच्या टप्प्यावरच बोला. छज्जाखाली किंवा डक्टच्या बाहेरच्या भिंतीत ३२ मिमी भोकाच्या पोकळ्या बांधतानाच ठेवायला खर्च नगण्य येतो. इमारत रंगवून झाल्यावर तेच काम परांचीशिवाय होत नाही.

माझ्या नोंदींचा उपयोग होतो का? मोजायचं कसं?

होतो, पण २० मार्चच्या जागतिक चिमणी दिनाला (तो २०१० पासून साजरा होतो, पुढाकार नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीचा) एकदाच मोजण्याचा फारसा नाही. दर आठवड्याला त्याच जागी, त्याच वेळी, सकाळी १५ मिनिटं उभं राहा. दिसले-ऐकले तेवढे सगळे पक्षी संख्येसह 'ई-बर्ड' या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवा, फक्त चिमण्या नव्हे. सगळे पक्षी लिहिलेल्या यादीत चिमणी नसेल तर तिचं नसणंही नोंदलं जातं, आणि घट मोजायला तेच लागतं. 'भरपूर' असं लिहू नका. अंदाजे का होईना, आकडा लिहा.

पंख्याच्या वाटीत घरटं केलंय. काढू का?

नुसत्या काड्या असतील तर लगेच काढा, वाटी वर सरकवून पट्टीने बंद करा आणि बाहेर पेटी लावा. अंडी-पिल्लं असतील तर महिनाभर तो पंखा बंद. रेग्युलेटरवर चिठ्ठी चिकटवा, नाहीतर पाहुणा बटण दाबतो. मीटरच्या पेटीत घरटं असेल तर स्वतः हात घालू नका, वीज कंपनीच्या माणसाला बोलवा.

पिल्लू खाली पडलंय. काय करू?

पिसं नसतील तर घरटं शोधून परत ठेवा. माणसाचा हात लागल्याने आई टाकून देते, हा गैरसमज आहे. घरटं सापडलं नाही तर छोट्या टोपलीत कोरडं गवत घालून जवळात जवळच्या उंच, सावलीच्या जागी बांधा आणि लांबून दोन तास पाहा. आई-बाप बहुतेकदा येतात.

पिसं आलेली असतील, उड्या मारत असेल, तर ते उडायला शिकतंय. फक्त मांजर-कुत्र्यापासून बाजूला, कुंपणात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. दूध-पाव नको. जखम असेल, मांज्याने कापलं असेल किंवा मांजराने तोंडात धरलेलं असेल (दिसायला बरं वाटलं तरी मांजराच्या दाताची जखम लवकर चिघळते), तर भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवून परळच्या जनावरांच्या रुग्णालयात न्या, किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.